एकशे तीनचा हट्ट

(लोहारा. घराच्या पुढच्या खोलीत थाटलेलं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान. धोंड्याचा महिना, सकाळची वेळ. झाकण काढलेल्या कॉम्प्युटरवर टेबलफॅनचा वारा. सून गायत्री मशीनपुढं, सासू लक्ष्मीबाई उंबऱ्यापाशी गहू निवडत. गायत्रीचा नवरा समर्थ शूटिंगसाठी बाहेरगावी.)

लक्ष्मीबाई : आता काय झालं? मघा तर हसायलतीस.

गायत्री : गेली, आत्या. परत गेली.

लक्ष्मीबाई : लाईट?

गायत्री : लाईट आहे हो. डिस्क गेली. शंभरावर दिसत होती, एकशे एक केलं की नाहीशी झाली.

लक्ष्मीबाई : सकाळधरनं ऐकायलेय तुझं एकशे एक, एकशे तीन. उजळणी म्हणायलीस का काम करायलीस?

गायत्री : कामच. या बोर्डावर एक ठोका असतो, आत्या. बेस क्लॉक म्हणतात त्याला. नवीन असतं तेव्हा तो शंभरावर असतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क, सगळे त्याच ठोक्यावर चालतात.

लक्ष्मीबाई : हलगीवर लेझीम चालती तसं.

गायत्री : अगदी तसंच. आता लग्नाची फिल्म तयार करतो तो प्रोसेसर. आपल्याला घाई फक्त त्याची आहे. पण त्या एकट्याचा वेग वाढवायला कंपनीनं कुलूप घातलंय. मग राहिलं काय? हलगीच जोरात वाजवायची.

लक्ष्मीबाई : मग पोरं नाचतील, आन् म्हातारी माणसं बसतील की खाली.

गायत्री : तेच झालंय. प्रोसेसरला काहीच नाही, मजेत आहे. डिस्क बसते खाली.

लक्ष्मीबाई : म्हातारी झाली आसंल.

गायत्री : दिवाळीला तर घेतलीय. आणि हाच बोर्ड असलेली माणसं एकशे तीनपर्यंत आरामात जातात. मी वाचलंय ना सगळ्यांचं. आपलाच एकशे एकला का अडतो, तेच कळेना.

लक्ष्मीबाई : समर्थला ठावं हाय का ही हलगी?

गायत्री : सांगणार होते.

लक्ष्मीबाई : म्हंजे न्हाय.

गायत्री : थांबा, त्यांचाच फोन. आपल्या जिल्ह्यातल्या वाशीहून. हात गुंतलेत, स्पीकरवर टाकते. हं, बोला.

समर्थ : शिवकन्याची फिल्म झाली का? तिच्या वडलांचा सारखा फोन यायलाय. लेक पहिल्यांदा माहेरी आलीय, सगळी भावकी बघायला बसणार म्हणे.

गायत्री : होतेय.

समर्थ : होतेय म्हणजे? संध्याकाळी पेनड्राइव्ह देतो म्हणून बसलोय मी. इथं गुरुजींचा निरोपसमारंभ, भाषणंच संपेनात. प्रत्येकाला गुरुजींचा मार आठवायलाय.

गायत्री : आणि माहेरी जळकोटला जायचं काय ठरलं? योगीराज विचारत होता, उद्या गाडी घेऊन येऊ का म्हणून.

समर्थ : आगं, उद्या? आन् राहिलेल्या फिल्म? सगळ्या पार्ट्या डोक्यावर बसल्यात. कामं संपली की जाऊच की. धोंडा काय पळून चाललाय?

गायत्री : अर्धा तर गेला.

समर्थ : बरं बरं, बघू. हार घालायला लागले, शूट करू दे. ठेवतो.

लक्ष्मीबाई : योगीराज उद्या येणार व्हता? मला न्हाय बोललीस.

गायत्री : काय बोलू?

लक्ष्मीबाई : भाऊ न्यायला यायलाय, एवढंच बोलायचं.

गायत्री : पहिलाच धोंडा आहे माझा. आईनं अनारशाचं पीठ कधीचं करून ठेवलंय. जावयाला द्यायचा दिवा आणलाय, ताट आणलंय, शेजारपाजाऱ्यांना दाखवून झालंय. रोज फोन करून विचारायची, कधी येता? मी रोज म्हणायची, बघू. काल तिनं विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, जेवलीस का.

लक्ष्मीबाई : म्हणून ही हलगी जोरात.

गायत्री : म्हणूनच.

लक्ष्मीबाई : आन् तुझं ते एकशे तीन झालं, तर किती येळ वाचंल?

गायत्री : तासाला?

लक्ष्मीबाई : तासालाच सांग.

गायत्री : दोन मिनिटं. त्यातही थोडं कमीच.

लक्ष्मीबाई : दोन! आगं, दोन मिनिटांत च्या बी उकळत न्हाय. एवढ्यासाठी सकाळधरनं तोंडात पाणी घेतलं न्हाईस?

गायत्री : हसा तुम्ही. मला माहितीय दोनच. पण मशीन दिवसरात्र चालतं. दोन-दोन करत आठवड्याला एक सकाळ तरी सुटते. सकाळच्या एस.टी.नं जायचं, दोन घास खायचे, संध्याकाळी परत. एवढंच. यांना मी नाही म्हणू शकत नाही, त्यांना पार्ट्यांना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला विचारायला भीती वाटते. मग राहिलं कोण? म्हटलं, मशीनला तरी म्हणावं, बाबा रे, तू जरा पळ.

लक्ष्मीबाई : मला भ्यायलीस?

गायत्री : थोडीशी.

लक्ष्मीबाई : …घे, पाणी पी आदी. आन् मग बघ तुझं काय ते.

गायत्री : पहिल्यापासून बघते. ठोका वाढला की रॅमचा पण वेग वाढतो, म्हणून रॅम मुद्दाम हळू करून बघितली. तरी डिस्क गेलीच. म्हणजे रॅम नाही. प्रोसेसर तापत नाही. काल वायर नवी टाकली, बोर्डाच्या त्याच तोंडात, तरी तेच. आता असं करते, ठोका शंभरावर आणते आणि शिवकन्याची फिल्म तेवढी पुरी करून टाकते. बाकीचं मग.

लक्ष्मीबाई : शाणी माझी.

गायत्री : हे काय!

लक्ष्मीबाई : आता गं?

गायत्री : शंभरावर पण दिसेना.

लक्ष्मीबाई : दम धर, येईल.

गायत्री : शंभरावर कायम यायची, आत्या. बंद करून परत चालू केलं. नाहीच. सगळी लग्नं हिच्यावरच आहेत.

लक्ष्मीबाई : कॅमेऱ्यात आसतील की.

गायत्री : कॅमेऱ्याची कार्डं पुसली ना. धोंडा लागला की लग्नं बंद, म्हणून जो तो आधी उरकून घ्यायला निघाला होता. एका मांडवातून उठायचं, इथं येऊन कार्ड रिकामं करायचं की पळायचं दुसऱ्या मांडवात. दुसरी कॉपी काढायला सवड कुणाला होती?

लक्ष्मीबाई : म्हंजे त्या शिवकन्याचं…

गायत्री : अख्खं लग्न. हळद, अक्षता, पाठवणी. परत कुठून आणू मी? तिला काय सांगू, पुन्हा एकदा बोहल्यावर उभी राहा? काय अवदसा आठवली मला! होतं ते बरं होतं. मरो तो धोंडा.

लक्ष्मीबाई : आसं म्हणू नको. आन् रडू नको, रडून डिस्क यायली का? आत बघ काय झालंय. म्या बॅटरी धरते.

गायत्री : आधी तो प्लग काढा. हां. आता उजेड इकडं धरा. खाली अजून. ती निळी वायर बोर्डात घुसलीय ना, तिथं. आता वायर काढते. अगं बाई, हे काय?

लक्ष्मीबाई : काय हाय?

गायत्री : आत लाल काहीतरी साचलंय. आणि पिवळं. गंज म्हणावा तर बोटाला लागतंय. आत्या, हे हळदी-कुंकू आहे.

लक्ष्मीबाई : हळदी-कुंकू?

गायत्री : बॅटरी इकडंच धरा.

लक्ष्मीबाई : धरते गं. ते कुंकू आपल्याच देव्हाऱ्यातलं हाय.

गायत्री : तुम्ही लावलं?

लक्ष्मीबाई : दर शुक्रवारी लावते. तू आंघोळीला गेलीस की.

गायत्री : कॉम्प्युटरच्या आत?

लक्ष्मीबाई : पयलं वरच्या डब्यालाच लावायचे. उन्हाळा लागला आन् तू झाकण काढून ठिवलंस. म्हणलं, लक्ष्मी तर आत हाय, डब्याला लावून काय उपेग? बोट वलं करून मोकळी जागा बघून जरा जरा लावायचे. तुझ्या वायरीला कधी हात न्हाय लावला, तुझी शपथ. वरनं चिमूटभर उधळायचे मात्र.

गायत्री : आणि फॅन चालू.

लक्ष्मीबाई : फॅन चालू. आगं, शेरडं राखून लेकरू मोठं केलं म्या. ह्या मशीनवर आज घर चालायलंय, मग हात जोडू नको व्हय? कुंकवानं बी बिघडतंय ते मला काय ठावं!

गायत्री : तुम्हाला कसं ठाऊक असणार? झाकण मी उघडं ठेवलं.

लक्ष्मीबाई : खरं सांग, गेलं का समदं?

गायत्री : अजून माहीत नाही. दात घासायचा जुना ब्रश आणा, कोरडा. आणि खणात खोडरबर आहे.

लक्ष्मीबाई : खोडरबर? लिवायचंय काय?

गायत्री : डिस्कच्या तोंडाशी पितळी पट्ट्या आहेत, त्या पुसायला. आणा तर.

लक्ष्मीबाई : हे घे. ब्रश समर्थचा हाय, ऱ्हाऊ दे, नवा घील तो.

गायत्री : बघा, पट्ट्यांवरून किती मळ निघाला. ओलं कुंकू आत झिरपून झिरपून काळ्या पडल्यात. म्हणूनच शंभरावर कसंबसं चालायचं आणि एकशे एकला अडायचं. मी आपली बोर्डाला नावं ठेवत बसले. हे तोंड तर पार भरलंय, इथं नकोच. शेजारचं रिकामं आहे, त्यात लावते. घाला प्लग. देवाचं नाव घ्या.

लक्ष्मीबाई : देवाचं नाव घिऊनच तर हे करून ठिवलं म्या. आता तूच घे, आन् तूच बटन दाब.

गायत्री : …आली.

लक्ष्मीबाई : आली?

गायत्री : आली, आत्या! सगळी लग्नं आहेत. ही बघा शिवकन्या.

लक्ष्मीबाई : आगं माय! हळद लावायलेत. कशी लाजायली बघ. आन् ती मागं फुगडी घालायली, ती तिची आत्या का? लाव की मोठं.

गायत्री : थांबा, आधी दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवते. आता क्षणाचा भरवसा नाही मला.

लक्ष्मीबाई : उतरव बाई, उतरव. म्या भाकरी टाकते तवर.

गायत्री : टाका तुम्ही. याला वेळ लागेल.

लक्ष्मीबाई : लागू दे, झालं की हाक मार.

गायत्री : …आत्या, या. झाली कॉपी.

लक्ष्मीबाई : सुटले बाई. भाकरी गार झाली तुझी वाट बघून. मग, आता लाव की ते एकशे तीन.

गायत्री : नको. पुरे झालं.

लक्ष्मीबाई : लाव म्हणते ना. सकाळधरनं जीव काढलास, आन् आता नको? दुसऱ्याचं मशीन जातंय तर आपलं का जाऊ नये?

गायत्री : बरं. कॉपी आहेच. एकशे एक… आहे. एकशे दोन… आहे. एकशे तीन…

लक्ष्मीबाई : हाय का? बोल की!

गायत्री : आहे! फिल्मपण चालू झाली, डिस्क जागची हलली नाही.

लक्ष्मीबाई : एकशे चार कर.

गायत्री : आत्या!

लक्ष्मीबाई : बघ तर.

गायत्री : …पडदा काळा झाला.

लक्ष्मीबाई : आता म्या काय न्हाय केलं हां.

गायत्री : नाही हो, यावेळी तुम्ही नाही. ही बोर्डाची स्वतःची हद्द. आपोआप परत सुरू होईल. एकशे दोनवर ठेवते, म्हणजे त्याला पण दम राहील. बघा, आलं. आणि यांचा फोनही आला.

समर्थ : निघतोच आता. पेनड्राइव्ह तयार ठेव.

गायत्री : फिल्म उद्या सकाळी होईल. तेवढं शिवकन्याच्या वडलांना सांगा.

समर्थ : उद्या? का?

गायत्री : डिस्क दिसत नव्हती. आता दिसते, सगळं आहे. दुसरी कॉपी पण काढली.

समर्थ : दिसत नव्हती? कशानं? काय केलंस तू?

गायत्री : बेस क्लॉक वाढवला होता. आणि वायर ढिली होती.

समर्थ : बेस क्लॉक? मला न विचारता? गायत्री, लोकांची लग्नं हायत त्याच्यावर. गेली आसती तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हे नसते उद्योग सांगितले कुणी तुला?

गायत्री : चुकलं माझं.

लक्ष्मीबाई : फोन दे इकडं.

गायत्री : आत्या, राहू द्या.

लक्ष्मीबाई : दे म्हणते ना. समर्थ, वायर ढिली नव्हती. वायरीत कुंकू व्हतं. म्या लावलेलं.

समर्थ : कुंकू?

लक्ष्मीबाई : दर शुक्रवारी. हिनं ते काढलं, पुसलं, लोकांची लग्नं माघारी आणली, आन् तुझ्यापाशी माझं नाव बी घेतलं न्हाय. बोल आता, कुणाला बोलायचं ते.

समर्थ : आई, कॉम्प्युटरला कोण कुंकू…

लक्ष्मीबाई : चुकलं. चुकलं म्हणले. आता माझं ऐक. उद्या योगीराज येणार हाय. तू आन् ही, दोघं जळकोटला जायचं.

समर्थ : आन् राहिलेल्या फिल्म?

लक्ष्मीबाई : लग्नं लागली का न्हाय लोकांची? लागली. पोरी नांदायला बी लागल्या. फिल्म दोन दिस उशिरा बघितली म्हणून काडीमोड घेत्यात व्हय?

समर्थ : पण मशीन बंद ठेवून कसं चालंल?

लक्ष्मीबाई : बंद कशाला? म्या बसते.

समर्थ : तू?

लक्ष्मीबाई : म्या. कुंकू न लावता.

समर्थ : …गायत्रीला दे.

लक्ष्मीबाई : ऐकायलीय ती. बोल.

समर्थ : गायत्री, योगीराजला ये म्हण. आणि मघा जरा जास्तच बोललो.

गायत्री : सावकाश या. जेवायला थांबते.

लक्ष्मीबाई : ठिवला? बरं. आता मला शिकव.

गायत्री : खरंच बसाल तुम्ही?

लक्ष्मीबाई : माझ्या पयल्या धोंड्याला माझा बाप बैलगाडी घिऊन आलता. सासू म्हणली, भुईमूग काढायचाय, काढला की धाडते. बाप वसरीवर पाणी पिला, बैल जुपले आन् रिकामी गाडी घिऊन गेला. म्या रानातनं बघितली गाडी जाताना. पुढचा धोंडा आला तवा बाप न्हवता.

गायत्री : कधी बोलला नाहीत, आत्या.

लक्ष्मीबाई : कुणापाशी बोलायचं? तू तरी कुठं बोललीस योगीराज येणार हाय मनून? आता डोळे पूस आन् सांग, कुठलं बटन.

गायत्री : बटन काहीच नाही. ही हिरवी पट्टी बघा. ती या टोकाला पोचली की पुढची फिल्म आपोआप सुरू होते. सगळ्या ओळीनं लावून जाते मी. पडदा काळा झाला तरच मला फोन करा.

लक्ष्मीबाई : आन् लाईट गेली तर?

गायत्री : मग काही करू नका. निवांत झोपा. मी आल्यावर बघीन.

लक्ष्मीबाई : एवढंच? एवढ्यासाठी तू माहेर सोडून बसायलतीस? जा, पिशवी भर. ते हिरवं लुगडं घे आईला, माझ्या पेटीतलं, घडी बी मोडली न्हाय. संध्याकाळीच फोन लाव तिला, विचारायच्या आदीच सांग, येतो मनून. आन् माझा एक निरोप सांग.

गायत्री : काय सांगू?

लक्ष्मीबाई : म्हणावं, जावयाचं ताट व्हईल निवांत. आदी लेकीला वाढा.